गुरुवारचा गोठा

भोसरीला लाइट गुरुवारी बंद,
म्हणून आमचा रविवार गुरुवारी येतो.
पहाटेच्या एसटीनं राजगुरुनगर,
पुढं वाड्याच्या रस्त्याला मिळेल ती जीप,
आणि गुडघ्यांमध्ये उभी धरलेली पहार.
कंडक्टरनं पहिल्यांदा तिचंही तिकीट मागितलं.
नंतर ओळख झाली.

पहिल्या गुरुवारी नुसती दोरी.
बारा बाय अठरा. खुंट्या चार.
फक्की आणायची राहिली होती,
कांचननं चुलीतली राख आणून रेघ ओढली.
दिवसभरात एवढंच.
बांधापलीकडून नाना टाव्हरे म्हणाले,
"गाय कुठाय?"
म्हटलं, येईल.

खड्डे अडीच फूट ठरवलेले.
दीड फुटावर कातळ लागला,
पहार वाजली ती थेट दाढेत.
सहा खड्ड्यांना पाच गुरुवार गेले.

पाइप कुदळवाडीच्या भंगारातले,
किलोच्या भावानं.
एकावर अजून पिवळ्या रंगात लिहिलेलं :
डोके सांभाळा.
कुठल्या कारखान्यात, कुणाच्या डोक्यासाठी, कोण जाणे.
नेमका तोच कलला.
काँक्रीट ओतलं, टेकू दिला, गाडी पकडली,
पुढच्या खेपेला ओळंबा सोडला तर
तीन बोटांचा फरक.

तीन बोटं!
मी वीस वर्षं लेथवर आहे.
केसाच्या जाडीएवढं चुकलं
तर आमच्याकडे जॉबवर लाल खडू ओढतात.
मी खांबाकडे बघत उभा,
कांचन माझ्याकडे.
"फोडायचा का?"
मग तीच म्हणाली,
"राहू दे. त्याला कुठं कंपनीत पाठवायचाय."

त्यानंतर ऑर्डर वाढली, ओव्हरटाइम लागला,
अडीच महिने एकही गुरुवार माझा नव्हता.
गेलो तेव्हा
दोन खांबांना दोरी, दोरीवर गोधडी,
आणि कललेल्यावर घेवडा
छातीपर्यंत चढलेला.
गोठ्याला छप्पर नव्हतं
पण शेंगा होत्या.

पत्रे जुनेच घेतले.
मागच्या मालकाच्या खिळ्यांची भोकं
डांबरानं बुजवत गेलो, वर उन्हात, पालथा.
खालून कांचन हात दाखवायची :
इथं एक, इथं.
शेवटची तीन-चार तिनं सांगितलीच नाहीत.
आता दुपारी जमिनीवर कवडसे पडतात
आणि ती म्हणते, मला दिसलीच नव्हती.

मग कांदे आले. नानांचे.
"आठ दिवस ठेवतो" म्हणाले, महिनाभर राहिले.
मग कोंबडी, तिला कुणी बोलावलं नव्हतं.
पश्चिमेची भिंत कमरेपर्यंत येऊन थांबली,
विटा संपल्या. वर बारदान शिवून लावलं.

गाय मात्र शनिवारी आली.
चाकणच्या बाजारातून, नानांच्या ओळखीनं, टेंपोत.
मी सेकंड शिफ्टला,
चक फिरतोय, कानाला फोन.
"आत येत नाही. दारातच उभीय."
दार कुठाय, म्हटलं, दार बसवायचंय अजून.
"जिथं राख ओढली होती ना,
तिथंच. त्याच्या अलीकडं."
रात्री साडेअकराला फोन केला : अलीकडंच.
तिलाही कळलं असेल का, काम अर्धं आहे?

गुरुवारी पोचलो तेव्हा आत होती.
पाच सरळ खांब सोडून
तिसऱ्या बोटापर्यंत वाकडा जो,
त्याला मान घासत.
खाली, वर, पुन्हा खाली,
डोळे अर्धे मिटून.
पिवळ्या अक्षरांमधलं 'डोके' आत्ताच पुसट झालंय,
'सांभाळा' आहे अजून.

गव्हाण बाकी आहे. दार बाकी आहे.
भिंतीचं विचारू नका.
आज फक्त तळ केला, नालीकडं उतार देऊन.
ओला होता तोवर फळी मारत राहिलो,
संध्याकाळी तांब्याभर पाणी ओतलं
आणि दोघं उकिडवे बसून बघत राहिलो.
पाणी जरा थबकलं.
इकडं जाऊ का तिकडं, असं.
मग निघालं.

कांचन म्हणाली, जीप चुकेल.